खाजनाचा बांध राखायचा कोणी?

गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर जमीन अशी आहे, की भरती आली की नदीचं पाणी तिच्यापेक्षा उंच चढतं. मधे असतो तो मातीचा बांध. बांधाच्या एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला खारं पाणी. मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्या आणि त्यांच्या खाड्या यांच्या काठाने, तिसवाडी, बार्देश, सासष्टीपासून फोंडा-डिचोलीपर्यंत ही जमीन पसरलेली आहे. तिला खाजन म्हणतात. तिवरांच्या दलदलीला बांध घालून, आतलं मीठ वर्षानुवर्षं पावसाने धुऊन माणसाने ती तयार केली. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटांत खाजनाचा उल्लेख येतो. म्हणजे किमान दीड हजार वर्षं कोणीतरी हे बांध न चुकता राखत आलं होतं.

गेल्या साठेक वर्षांत यातली बरीच खाजनं पडीक पडली. काहींत तिवरांचं रान माजलं, काहींत बारमाही मासे धरले जातात, काहींवर भराव पडून इमारती आल्या. याची कारणं विचारली की ठरलेली उत्तरं मिळतात: भात परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, पोरं शेतात उतरत नाहीत, बिल्डरांचा डोळा आहे. ही सगळी कारणं खरी आहेत. पण डोंगरउतारावरच्या मोरड शेतांनाही मजूर मिळत नाहीत आणि बिल्डर तिथेही येतात. मोरड शेत दहा वर्षं पडीक राहिलं तर अकराव्या वर्षी नांगरता येतं. खाजनाचं तसं नाही. तिथे एक पावसाळा बांधाकडे पाहिलं नाही की शेजाऱ्याचं पिकतं शेतही जातं. म्हणून या प्रकरणात मला पिकापेक्षा आणि बाजारभावापेक्षा बांधाकडे पाहायचं आहे. तो कोणाच्या ताब्यात होता, त्याचा खर्च कुठून निघत होता, आणि जमिनीची मालकी बदलली तेव्हा त्याचं काय झालं?

पाण्याची शिस्त

खाजन कळायचं तर डोंगरावरून खाली उतरत यावं. वर जांभ्याचा सडा, उतारावर झाडी आणि काजू, उतार संपतो तिथे घरं, विहिरी, माड, फणस. त्याच्या खाली शेतं आणि शेवटी नदी. सड्यात मुरलेलं पावसाचं पाणी झऱ्यांनी खाली येतं, शेताशेतांतून फिरतं आणि सगळ्यांत खोल जागी जमतं. या खोल पाटाला, डबक्याला पोंय म्हणतात. पोंय जिथे बाहेरच्या बांधाला भिडते तिथे मानस असते.

मानस म्हणजे बांधातलं दार. जांभ्या दगडांच्या भिंती आणि त्यांत बसवलेल्या लाकडी झडपा. झडप अशी टांगलेली असते की भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की ती आपोआप मिटते, आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. वीज लागत नाही, पंप लागत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. त्या फरकावर ही सगळी व्यवस्था चालते. पंपावर अवलंबून असलेली कितीतरी आधुनिक निचरा-यंत्रणा वीज गेली की बंद पडते, हे आठवलं की या लाकडी झडपेबद्दलचा माझा आदर वाढतो.

उन्हाळ्यात नदीचा गोडा प्रवाह आटतो आणि मांडवीत खारं पाणी समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत चढतं. खाजनातली माती भेगाळते, मीठ पृष्ठावर येऊन ती पांढुरकी दिसते. जूनचे पहिले पाऊस हे मीठ विरघळवून मानशीतून बाहेर नेतात, आणि मगच भाताला सुरुवात होते. कोरगुट, आसगो ही इथली जुनी वाणं. कोरगुट उंच वाढतं, खारटपणा सोसतं आणि काही दिवस पाण्यात उभं राहिलं तरी मरत नाही. जुन्या गोव्याजवळच्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटमधून निवड करून 'गोवा धान' नावाची खारसहिष्णू वाणं दिली आहेत. भात निघाल्यावर काही खाजनांत ठरवून खारं पाणी आत घेतात. तण मरतं, धसकटं कुजतात, त्यावर सुंगटं, म्हणजे कोळंबी, पोसली जातात. मानशीच्या तोंडाला जाळं लावून ओहोटीबरोबर बाहेर पडणारी सुंगटं, शेवटे, काळुंद्रं, चोणक धरतात. काही ठिकाणी बांधाच्या आत मिठागरंही असतात. एकाच जमिनीतून पावसाळ्यात भात, नंतर मासळी, उन्हाळ्यात मीठ, आणि बांधावर माड.

आणखी एक काम खाजन करतं, त्याची किंमत कोणी मोजत नाही. धो धो पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की मानस मिटलेली असते आणि आतलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही. ते पोंयीत आणि शेतांत पसरून थांबतं, ओहोटी लागली की निघून जातं. भाताला त्याचं काही होत नाही आणि वरची घरं कोरडी राहतात.

हे सगळं टिकतं ते बांधावर. बांध त्याच खाजनाच्या चिखलाचा, त्यात भाताचा पेंढा, बांबू, फांद्या, जांभ्याचे दगड. बाहेरच्या अंगाला लाट मोडायला तिवरांची रांग राखलेली. असा बांध जिवंत असतो, म्हणजे तो सतत खचत असतो. खेकडे त्यात बिळं करतात, पावसाने माथा झिजतो, माडाची मुळं त्याला धरतात तशी कधी फोडतातही. बीळ आज बुजवलं तर मूठभर चिखल पुरतो. राहू दिलं तर पुढच्या उधाणाला तिथे भगदाड पडतं आणि मग ट्रकने दगड आणून भागत नाही. म्हणून बांधाला फार पैसा लागण्याआधी रोज फेरी मारणारा माणूस लागतो. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत, पावसाच्या तोंडावर, त्याला नवी माती लावावी लागते.

गावकरी

असा बांध एकट्यादुकट्याने घालता येत नाही आणि राखताही येत नाही. गोव्यातल्या गावकरी संस्थेचा पाया या गरजेत आहे असं मला वाटतं. गावची जमीन गावकारांच्या, म्हणजे मूळ घराण्यांच्या, सामाईक मालकीची होती. शेतांचे तुकडे ठराविक मुदतीने पावणीला, म्हणजे लिलावाला, काढून कसायला दिले जात. मानशीच्या मासेमारीची पावणी वेगळी व्हायची. या उत्पन्नातून आधी सरकारी वसूल, बांध, मानस, तळी, वाटा, देऊळ यांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकारांत जोण म्हणून वाटायचं. कसणाऱ्यांचा स्वतःचा भौस, म्हणजे संघ, असायचा. बांधाची देखरेख, पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं, हे तो पाहायचा. बांधावर फिरणारा राखणदार नेमलेला असे.

पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था त्यांना तयार मिळाली. १५२६ मध्ये आफोंसो मेशियाने गावकऱ्यांच्या रूढींची लेखी नोंद केली, तो फोराल प्रसिद्ध आहे. पुढे संस्थेचं नाव कोमुनिदाद झालं, १९०४ मध्ये तिच्यासाठी संहिता आली आणि १९६१ मध्ये पुन्हा नवी. साडेचारशे वर्षांच्या परक्या अमलात संस्थेवर वरून बंधनं वाढत गेली, तिचे अधिकार आक्रसले. तरी बांधाचा खर्च खाजनाच्याच उत्पन्नातून काढायचा, हा धागा तुटला नाही.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. गावकार म्हणजे मूळ घराण्यांतले पुरुष. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गुडघाभर चिखलात उभं राहून बांधाला माती लावली त्या गावडा-कुणबी लोकांना आणि मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, जोणात वाटा नव्हता. लावणी-कापणी बायकांनी करायची आणि निर्णयात त्यांना जागा नाही. पावणीतही पैसेवाला बोली चढवून चांगली शेतं घ्यायचा आणि खाली दुसऱ्याला कसायला द्यायचा. कसणारा कायम उघड्यावर. हा अन्याय मोडायला हवाच होता.

शेत कुळाला, बांध कोणाला?

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना १९६४ चा कृषी कूळ कायदा आला, ८ फेब्रुवारी १९६५ पासून तो लागू झाला. कुळाला संरक्षण मिळालं, खंडावर मर्यादा आली. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा केला. गोव्याच्या सामाजिक इतिहासातला हा मोठा न्यायाचा क्षण आहे, आणि पुढे जे लिहितो आहे त्यामुळे त्याचं मोल तसूभरही कमी होत नाही.

पण कायद्याच्या डोळ्यांसमोर शेत होतं ते साधं शेत: चार सीमांचं, एका माणसाचं, सातबाऱ्यासारख्या कागदावर मावणारं. खाजनात बांध, मानस आणि पोंय या तीन गोष्टी वाटून घेता येत नाहीत. त्या कोणाच्याच एकट्याच्या शेतात बसत नाहीत. खंड घटल्यावर आणि पावणी थांबल्यावर कोमुनिदादीचं उत्पन्न आटलं, आणि तिच्या दृष्टीने जमीन आता हातची गेलेली होती. तिने बांधावर खर्च का करावा? कूळ म्हणे, बांध तर मालकाने राखायचा असतो, आजवर तोच राखत आला. या तिढ्यात काही पावसाळे गेले.

सरकारला हे दिसलं नाही असं नाही. १९७५ मध्ये कुळांची सामाईक जबाबदारी ठरवणारे नियम आले आणि त्यांनुसार खाजनाखाजनांत कूळ संघ, म्हणजे टेनंट्स असोसिएशन, उभे राहिले. त्या खाजनातलं प्रत्येक कूळ सभासद, निवडलेली समिती, देखरेख मामलेदाराची. मानशीची पावणी संघाने करायची आणि त्या पैशातून बांध राखायचा. कागदावर हा जुन्या भौसाचाच नवा, जास्त न्याय्य अवतार होता. जात नाही, घराणं नाही, जो कसतो तो सभासद. ही कल्पना उत्तम होती असं मी आजही म्हणेन.

तरी बहुतेक ठिकाणी ती लुळी पडली. खाजनाच्या आत सगळ्यांचं दुखणं सारखं नसतं. बांधाला लागून ज्याचं शेत, त्याला खारं पाणी पहिल्याच वर्षी लागतं. डोंगराच्या पायथ्याशी ज्याचं शेत, त्याच्यापर्यंत ते पोचायला काही वर्षं जातात. तो सभेला येत नाही, वर्गणी देत नाही. गावकरीत दोघांकडूनही वसुली करायला ताकद होती. संघाकडे विनंती करण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. दुसरं, 'जो कसतो तो सभासद' हे दहा-वीस वर्षांत 'ज्याचा बाप कसत होता तो सभासद' असं झालं. मुलगा मुंबईला किंवा आखातात, कधी बोटीवर. नाव यादीत, पाय बांधावर नाही. तिसरं, मोडलेल्या बांधाच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळतं, बिळं बुजवायला मिळत नाही. मग बांध मोडेपर्यंत थांबणं हेच सोयीचं झालं. मोडला की कृषी खात्याकडे अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा. तोवर दोन उधाणं येऊन गेलेली असतात. दगडाच्या नि काँक्रीटच्या भिंती उभ्या राहतात, पण मऊ गाळावर त्या खचतात, तडकतात, आणि त्यांच्या भेगांत हाताने चिखल भरणारा कोणी नसतो.

मानशीची किल्ली

पैसा नव्हता असंही सरसकट म्हणता येत नाही. निर्यातीमुळे कोळंबीला चढा भाव आला आणि मानशीची पावणी एकाएकी खाजनातलं सगळ्यांत किमती उत्पन्न ठरली. इथेच गोष्ट उलटी फिरली.

जुन्या शिस्तीत मासळी ही भाताची जोड होती. झडप कधी उघडायची ते शेतीचं वेळापत्रक ठरवायचं, आणि मासे धरणारा त्यात आपली जागा शोधायचा. पावणीचा आकडा फुगला तशी बोली जिंकणाऱ्याला भरपाईची घाई झाली. त्याला खारं पाणी आत हवं, जास्त वेळ हवं, पावसाळ्यातही हवं. शेतकऱ्याला ते बाहेर हवं. एकाच झडपेवर दोघांचा हक्क, आणि किल्ली त्याच्या हाती ज्याने जास्त पैसे मोजले. रात्री भरतीला झडप वर उचलून ठेवायला दोन माणसं पुरतात. गोव्यात अशा तक्रारी गावोगाव झाल्या आहेत: झडपा उघड्या ठेवल्या, फळ्या काढल्या, काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडला. एकदा शेत खारावलं की शेतकरी पुढच्या वर्षी बियाणं टाकत नाही. शेत पडीक पडलं की मासेमारीला हरकत घेणारा उरत नाही.

११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने कोळंबीशेतीच्या खटल्यात किनारी पट्ट्यातल्या औद्योगिक कोळंबी-तळ्यांना मनाई केली आणि पारंपरिक पद्धतींना मोकळीक ठेवली. निर्णय योग्य होता. मानशीवरची मासेमारी मात्र पारंपरिकच होती. तिच्यातला बिघाड हा कोणाच्या हाती किल्ली आहे याचा होता, आणि तो न्यायालयात दिसण्यासारखा नव्हता.

तिवर, बार्ज, रूळ, शहर

बांध फुटलेल्या खाजनात भरतीबरोबर तिवरांच्या बिया येतात आणि चार-पाच वर्षांत डोक्याएवढं रान उभं राहतं. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्यात २७ चौरस किलोमीटर तिवरवन आहे. त्यातला काही भाग म्हणजे नदीकाठचं जुनं वन आणि काही भाग म्हणजे मेलेलं खाजन. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही सारखीच हिरवी. निसर्गप्रेमी माणसाला हे ऐकायला जड जातं, मलाही जातं, कारण तिवरं माशांची पिल्लं पोसतात, लाट मोडतात, कार्बन धरून ठेवतात. पण बांधाबाहेरचं तिवर बांधाचं रक्षण करतं आणि बांधाच्या आतलं तिवर त्या शेताचा परतीचा रस्ता बंद करतं, कारण ते तोडायला परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. दोघांना एकच नियम लावणं चूक आहे.

बाहेरून बांधाला मार बसला तो लोहखनिजाच्या बार्जांचा. मांडवी आणि झुआरीतून खनिज भरून जाणाऱ्या बार्जांच्या लाटा वर्षानुवर्षं दोन्ही काठांना धडकत राहिल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा नदी शांत झाली, पण तोवर ठिकठिकाणी काठ खचला होता. कोकण रेल्वेचा मार्ग ठरताना, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तो खाजनांतून आणि करमळीच्या तळ्याजवळून नेऊ नये म्हणून गोव्यात मोठं आंदोलन झालं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, १९९३ मध्ये न्यायमूर्ती ओझा यांचा आयोगही नेमला गेला. मार्ग साधारण तोच राहिला. रेल्वे हवी होती, यात माझ्या मनात शंका नाही. पण खाजनात भराव घालून रूळ नेले की पाण्याला जुन्या वाटांनी पोंयीपर्यंत जाता येत नाही. मोरीचा आकार अभियंता पावसाच्या आकड्यांवरून काढतो. मानस मिटलेली असताना सहा तास पाणी कुठे थांबणार, हे त्या गणितात बहुधा नसतं.

शहराचं तर विचारूच नये. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जुना बांधरस्ता सतराव्या शतकात मिठागरांच्या आणि खाजनांच्या कडेने गेला, आणि आज त्याच्या आसपासची सखल जमीन शहराच्या वाढीची दिशा झाली आहे. पणजीतल्या पाट्टोच्या कार्यालयांखाली दलदल होती. पावसाळ्यात उधाणाला पणजीचे काही रस्ते तुंबतात तेव्हा गटारं साफ केली नाहीत म्हणून बोंब होते. गटार साफ असलं तरी भरतीच्या वेळी त्याचं तोंड नदीच्या पातळीखाली असतं. पूर्वी ते पाणी ओहोटीपर्यंत खाजनात थांबायचं. थांबायची ती जागा भरून टाकली, तर पाणी रस्त्यावरच थांबणार. उद्या समुद्राची पातळी थोडी जरी चढली तरी मानस उघडी राहण्याचा वेळ कमी होईल, आणि साठवणीची जागा आजच्यापेक्षा जास्त लागेल.

रायगडचा दाखला

हे गोव्यापुरतं नाही, हे दाखवायला उत्तरेला अलिबाग-पेणचा खारेपाट पाहावा. तिथेही समुद्रबांध, तिथेही भात, मानशीला उघाडी म्हणतात, चोणकाला जिताडा. खोताला निम्मं पीक देण्याविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला तो याच भागात, आणि डॉ. आंबेडकरांनी त्याला बळ दिलं. पुढे कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला मिळाली. बांधांसाठी मात्र इथे वेगळी वाट निघाली. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा, नंतर १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा, आणि बांध सरकारच्या खात्याकडे.

बांधाला घळ पडली की गावाने हाळी द्यायची आणि घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन निघायचा, असं खारेपाटातली म्हातारी माणसं सांगतात. बांध खात्याचा झाल्यावर हाळी द्यायचं कारण उरलं नाही. खातं पंधरा-वीस मैलांवर, घळ इथे. गोव्यात बांध अशा संघाकडे गेला ज्याच्याकडे वसुलीची ताकद नव्हती. रायगडात तो अशा खात्याकडे गेला ज्याचा माणूस बांधावर नव्हता. दोन्हीकडे खारं पाणी आत आलं, दोन्हीकडे शेतात तिवर उगवलं. कायदे वेगळे, राज्यं वेगळी, शेवट एक. म्हणून मला हे मालकीचं कमी आणि राखणीचं जास्त प्रकरण वाटतं.

नकाशावरचं संरक्षण

कागदावर गोव्याच्या खाजनांना कमी संरक्षण नाही. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा मजकूर आहे: खाजनांचे नकाशे करा, त्यांत विकासकामं नकोत. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये खाजनं पहिल्या क्रमांकाच्या पर्यावरण-संवेदनशील विभागात आहेत. त्याआधीचा २०११ चा आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ मध्ये रद्द करवला होता. गोव्यातल्या सामान्य माणसाला जमिनीची चाड आहे, याचा याहून मोठा पुरावा नको. नंतर २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आलं, पाठोपाठ ३९अ. एकेका भूखंडाचा विभाग बदलायची दारं त्यांनी उघडली. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ही लढाई चालूच राहील आणि ती लढलीच पाहिजे.

फक्त तिच्याकडून किती अपेक्षा करायची ते ठरवायला हवं. आराखड्यातला हिरवा रंग भराव अडवतो, बीळ बुजवत नाही. एखादं खाजन संरक्षित ठेवून त्याचा बांध वाऱ्यावर सोडला, तर पाच वर्षांनी तिथे पिकायचं थांबलेलं, रानाने भरलेलं, कोणाच्या उपयोगाचं नसलेलं क्षेत्र उरतं. मग "इथे आता शेती राहिलीच कुठे" असं म्हणत रूपांतराचा अर्ज येतो. पडीक पाडणं हीच पहिली पायरी असते. ती मासेमारीच्या लोभाने पडली की दुर्लक्षाने, अर्जदाराला फरक पडत नाही.

करता येण्यासारखं

पहिली दुरुस्ती मानशीत हवी. मासेमारीची पावणी आणि शेतीचं वेळापत्रक एकाच कराराने बांधायला हवं: जूनपासून कापणीपर्यंत झडप शेतकऱ्यांच्या समितीच्या ताब्यात, त्यानंतर मासे धरणाऱ्याच्या. पावसाळ्यात भरतीला झडप उघडी सापडली की करार संपला आणि अनामत जप्त. पावणीचा पैसा सभासदांत वाटायच्या आधी बांधाच्या वेगळ्या खात्यात जावा. जुनी गावकरी नेमकं हेच करत होती, आणि त्यासाठी तिची जातिपातीची उतरंड परत आणायची काही गरज नाही.

दुसरी दुरुस्ती सभासदत्वात. मतदानाचा हक्क प्रत्यक्ष कसणाऱ्याला हवा, भाड्याने कसत असेल तरी आणि बाई असेल तरी. ज्यांची घरं आणि विहिरी त्या बांधामुळे कोरड्या नि गोड्या राहतात त्यांचाही एक प्रतिनिधी हवा, कारण बांध फुटला की नुकसान त्यांचंही होतं. पंचायतीने आणि जवळच्या शहराच्या पालिकेने बांधाच्या राखणीला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी. हे उपकार नव्हेत. पुराचं पाणी काही तास सांभाळल्याचं ते भाडं आहे, आणि पंपगृह बांधण्यापेक्षा स्वस्त.

सरकारी अनुदान भगदाडावर मिळतं ते राखणीवर मिळायला हवं. एका खाजनाला एक पगारी राखणदार, हातात फावडं, सोबत पोंयीचा गाळ काढायचा अधिकार. रोजगार हमीतून एप्रिल-मेमध्ये बांधाला माती लावता येते. मातीचा बांध दरवर्षी बोटभर उंच करता येतो, म्हणून चढत्या समुद्रापुढे तो काँक्रीटच्या भिंतीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. तिवरांच्या बाबतीत बांधाच्या बाहेर तोड पूर्ण बंद आणि नवी लागवड, आत मात्र नुकत्याच खारावलेल्या शेतातून ती काढायची परवानगी ठरलेल्या मुदतीत मिळावी. नाहीतर शेतकरी परत यायला तयार असला तरी त्याला शेत मिळणार नाही.

यातलं बरंचसं नवा कायदा न करता होऊ शकतं. १९७५ चे नियम बदलून, संघाला थकबाकी वसूल करायचा अधिकार देऊन आणि मामलेदाराला पावणीची तारीख पाळायला लावून सुरुवात करता येईल. तारखेचं महत्त्व बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. पावणी जूनवर ढकलली गेली तर मे महिन्यात संघाच्या हाती पैसा नसतो आणि पावसाआधी बांधाला माती लागत नाही. ती मार्चअखेर उरकली, तर मातीला दोन कोरडे महिने मिळतात.